चार किलोबाइटांची आई

माझ्या कथेवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तक्रार थोडक्यात अशी : कथेतल्या आईच्या सत्तर वर्षांच्या आठवणी मी चार किलोबाइटांत कोंबल्या, आणि माहिती किती आवळता येते याची मर्यादा सांगणारा क्लॉड शॅननचा १९४८ चा निबंध ज्याने चाळलाय तो तिथेच कथा मिटवेल. ‘ही विज्ञानकथा नाही, जादूचे प्रयोग आहेत.’

अर्धं कबूल. दुसऱ्या प्रकरणात इंजिनिअर आवळलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइल पुन्हा आवळतो, मग आणखी एकदा, आणि दर वेळी ती निम्मी होते. ही निव्वळ थाप आहे. दहा बिटांचे, म्हणजे दहा शून्य-एकांचे, वेगवेगळे संदेश १०२४. त्याहून आखूड संदेश, रिकामा धरूनसुद्धा, १०२३च. एकाला जागा उरत नाहीच. काहीही न गमावता प्रत्येक फाइल लहान करणारं यंत्र कुठल्याच शतकात बनायचं नाही. ती दोन पानं काढतोय.

चार किलोबाइट मात्र राहतील. तुम्ही फाइल मोजलीत, ती उघडणारं डोकं मोजलं नाहीत. माणसाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा अख्खा मजकूर, घ्या. साधारण तीन अब्ज अक्षरं, अक्षरामागे दोन बिट, म्हणजे ७५० मेगाबाइटच्या आसपास. पण दोन्हीकडे एकच संदर्भ-जीनोम असेल तर नुसते फरक पाठवून भागतं, आणि काम काही मेगाबाइटांत होतं. बाकीचं ओझं आधीच पलीकडे पोचलेलं असतं. माझ्या कथेत तो संदर्भ म्हणजे मुलीची स्वतःची स्मृती. म्हणून तर आई फक्त तिच्यासमोर उघडते, आणि मुलगी घराच्या दाराचा रंग विसरलीय म्हणून आईच्या आठवणीतलं दारही बिनरंगाचं येतं. तुम्हाला ती चूक वाटली. तो प्रसंग लिहायलाच मी बसलो होतो. (मेंदूतून आठवणी वाचता येतात, हे गृहीतक उधारीचंच आहे, त्यावर वाद नाही.)

गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना १९९१ मध्ये पुरता उघडलाच नाही. गुरूपासून माहिती छोट्या अँटेनातून ठिबकत यायची, तेव्हा पृथ्वीवरून नवं सॉफ्टवेअर चढवून यानालाच चित्रं आवळायला लावलं. थोडा तपशील गेला. कुठला गेला तर चालेल, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं असणार. ते टेबल माझ्या इंजिनिअरला द्यायला हवं होतं. मी त्याला नुसतं बटण दिलं.

सुधारित मसुद्यात तो बटण दाबत नाही. मुलीला विचारतो, ‘यातलं तुम्हाला आधीच काय आठवतंय?’