या पाहुणं, पासवर्ड घ्या

आपल्या सांगलीत दारात आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही. हॅकर तर बिचारा कुठून कुठून येतो. त्याला आपल्या खात्यात शिरताना ठेच लागू नये, म्हणून घरच्या ताज्या अनुभवावरून या सूचना.

पासवर्ड सोपा ठेवा. आधी ‘गणपती’, मग ते ॲटचं चिन्ह, मग ४१६४१६. पिनकोडच दिला की पाहुणा रस्ता चुकत नाही. हाच पासवर्ड ईमेलला, हाच बँकेला आणि ज्या वेबसाइटवरून एकदाच साडी मागवली होती तिलाही हाच. तिथली यादी फुटली की एका किल्लीत अख्खा वाडा उघडतो.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन बंदच असू द्या. हळदीचे मागच्या दहा सौद्यांचे दर आपल्याला तोंडपाठ असतात, पण सहा आकडी पिन म्हटलं की डोकं दुखतं.

झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आधारकार्ड टाकलंत ना? राहू दे तिथंच.

आता मुख्य कार्य, म्हणजे लग्न. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांचा हंगाम सुरू. आमच्या दाजींना अनोळखी नंबरवरून एक आली. नाव ‘लग्नपत्रिका’, शेवटी टिंब एपीके. लग्न कुणाचं, असं विचारायचं नसतं, पाहुणे रुसतात. दाजींनी दाबलं. फोन म्हणाला, हे बाहेरचं ॲप आहे, धोका असू शकतो. दाजी म्हणाले, “फोनला काय कळतंय लग्नातलं!” पुढं पत्रिकेनं मेसेज वाचायची परवानगी मागितली. दिली. पत्रिकेला तुमचे मेसेज वाचून काय करायचंय, हा प्रश्न पडला तर तुम्ही पाहुणचाराला नालायक. अर्ध्या तासात तीच पत्रिका दाजींच्या नंबरवरून आमच्या घरच्या ग्रुपवर. जावयानं पाठवलीय म्हणजे खरीच असणार, म्हणून माझ्या आईनं उघडली. पत्रिका म्हणाली, बघायला एक रुपया भरा. आईनं शकुनाचा रुपया म्हणून कार्डाचा नंबर घातला. त्यानंतर ओटीपी येत होते आईच्या फोनवर, वाचत होता भलताच कुणीतरी. पेन्शनचे ३८ हजार तीन खेपांत गेले.

पैसे गेल्यावर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करू नका बरं. तक्रार लगेच गेली तर पैसे पुढच्या खात्यात अडवून धरता येतात, आणि मग पाहुण्याची पंचाईत. आम्ही रीतीनं गेलो. आधी मामांना विचारलं. मामांनी बँकेतल्या ओळखीच्याला विचारलं, तो जेवायला गेलेला. मग दाजी म्हणाले, चारचौघांत बोलू नका, इभ्रत जाईल. आणि रात्री नऊला मला फोन! “तू कॉम्प्युटरचं शिकलायस नव्हं, बघ की जरा.”

काय बघू? दुपारी दोनला पैसे गेले आणि रात्री नऊला मी काय बघू, दाजी? अहो, पत्रिका म्हणजे फोटो असतो, नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप. आयुष्यात कधी पत्रिका इन्स्टॉल केली होती का तुम्ही? दोन वर्षं मी त्याच ग्रुपवर घसा फोडून सांगतोय, तर खाली तुमचे हसरे चेहरे आणि नमस्काराचे हात. आईनं चहात साखर कमी पडली तर किराणावाल्याच्या वजनावर संशय घेतला असता, आणि इथं सरळ कार्डाचा नंबर! इभ्रतीचं काय सांगता? सात तास गप्प बसण्यात कसली आलीय इभ्रत? ग्रुपचे ॲडमिन तुम्ही आहात. निदान ती पत्रिका सगळ्यांसाठी डिलीट करा, हे मी रात्रीच सांगितलं होतं.

केली नाही. आज सकाळी मिरजेच्या काकांनी तिच्याखाली लिहिलंय, “हार्दिक शुभेच्छा. माझ्याकडे उघडत नाही, परत पाठवा.”