महाएपिसोड काढा, घर जोडा

कौटुंबिक मालिका काढायचं मनात आहे? मग कुटुंबाबद्दल तुम्हाला जे काही ठाऊक आहे ते आधी विसरून जा. खऱ्या घरात गॅसचं बुकिंग असतं, पाण्याची वेळ असते, सोसायटीची थकबाकी असते. यातलं काहीही मालिकेत येता कामा नये. मालिकेतल्या घरात फक्त जिना असतो. सासूने त्यावरून खाली उतरायचं, सुनेने खालून वर बघायचं.

कुणी इतिहास काढलाच, तर ‘हम लोग’चं उदाहरण द्या, काय करू नये यासाठी. 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका मुळात कुटुंबनियोजनाचा संदेश घरोघरी पोचवायला काढली होती. मेक्सिकोत तसा प्रयोग झाला होता, तोच इकडे आणला. भाग संपताना अशोककुमार येऊन शहाणपणाच्या चार गोष्टी सांगायचे. तिथेच घोळ झाला. शहाणपण मिळालं की प्रेक्षक पान वाढून घेतो आणि झोपतो. शिवाय दीड वर्षाच्या आत मंडळी मालिका संपवून मोकळीसुद्धा झाली! आज तेवढ्यात साखरपुडा उरकत नाही. छोट्या कुटुंबाचा नादही सोडा. चौदा माणसं हवीतच: चार कट करायला, चार तो दाराआडून ऐकायला आणि उरलेली सहा डायनिंग टेबलाशी दचकायला.

प्रेक्षकाला काय हवं असतं ते ‘रामायण’ने दाखवलं. 1987 च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा 52 भागांचा बेत होता, झाले 78. तरी समाधान नाही. पुढची कथा दाखवा म्हणून जालंधरला सफाई कामगारांनी संप केला आणि लव-कुश पडद्यावर आणावे लागले. पुढे काय होणार हे अख्ख्या देशाला पाठ असताना! तेव्हा रहस्याच्या मागे लागू नका, फक्त लांबवा.

मराठीने हा धडा मनावर घेतला. ईटीव्ही मराठीवर 2001 मध्ये ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली; 3000 च्या वर भाग होऊन ती संपली तेव्हा 2013 उजाडलं होतं. सुनेचे चार दिवस कधी, हे विचारायचं नाही.

आता मुख्य काम. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडे पडले की रविवारचा महाएपिसोड जाहीर करा. निमित्तासाठी लेखकाला त्रास देऊ नका, भिंतीवरचं कालनिर्णय पुरे. ज्येष्ठात वटपौर्णिमा, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गणपती. त्यातही मंगळागौर स्वस्तात पडते. नऊवारी नेसलेल्या दहाबारा जणी झिम्मा-फुगडीला लावल्या की अर्धा वेळ असाच भरतो. उरलेल्यासाठी हे घ्या: सून आरतीचं ताट घेऊन येतेय. धाकट्या जावेने वाटेत तेल सांडून ठेवलंय. सुनेचा पाय तेलावर पडतो. सासूचा चेहरा, तीनदा, दर खेपेला वीज कडाडल्याचा आवाज. मग आत्या, काका, नणंद, भटजी. ताट हवेत. ब्रेक. ब्रेकनंतर ताट हवेतच. निरांजन विझलेलं नाही. ताट कुणी झेललं ते सोमवारी.

तेवढ्यानेही भागलं नाही तर महासंगम करा. पलीकडच्या स्लॉटमधलं कुटुंब हळदीकुंकवाला बोलवा. दोन्ही घरच्या खलनायिका स्वयंपाकघरात भेटतात तो प्रसंग कापू नका. अख्ख्या मालिकेत तेवढ्याच दोघी कामाचं बोलत असतात.

प्रेक्षक कुटुंबाची काळजी नको. एके काळी एका सेटपुढे अख्खी चाळ बसायची. आता सून तोच भाग उद्या लोकलमध्ये मोबाइलवर बघेल, बाबा बातम्यांसाठी रिमोट मागत राहतील, आणि आजी मटार सोलता सोलता म्हणतील, “काय मेलं तेच तेच दाखवतात!” आणि आवाज दोन घरं वाढवतील. तुमची गिऱ्हाईक त्याच.

चॅनलने बंद करायलाच लावली तर घाबरून जाऊ नका. शनिवारी जावेला पश्चात्ताप होऊ द्या, सगळ्यांचा एक ग्रुप फोटो काढा. सोमवारी त्याच वेळेला, त्याच बंगल्यात नवी मालिका. पडदे तेवढे बदला.