तोंड अडकलेली बाई

सांगलीत विश्रामबागेत आमचं घर. नवरा तबला वाजवतो, सासूबाई पेटीवर गातात, लेक सतार वाजवते आणि मी बासरी शिकवते. लोक म्हणतात, काय भाग्य! असेल बुवा. पण चौघांत वाजवताना तोंड अडकलेलं असतं ते एकटीचं, माझं.

नवरा तीनतालाचा ठेका चालू ठेवून फोनवर गॅसचा नंबर लावतो. सासूबाई तोडीच्या दोन आलापांच्या मधे कोथिंबिरीचा भाव पाडतात, कोमल गंधाराला धक्का न लावता. मी मात्र मंद्र पंचमावर. म्हणजे बासरीची सहाही भोकं बंद, आणि माझंही. हे घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून मोठे निर्णय नेमके सकाळी सहा ते सात, माझ्या रियाजातच होतात.

"आत्या आठ दिवस येतायत, चालेल ना?"

मी भुवया उंचावते.

"चालतंय म्हणाली!" नवरा आत ओरडून सांगतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा लेक म्हणाली, "आई, आता नवी सतार घ्यायलाच हवी." मी पंचमावर होते. घेतली. थंडीत बांबू तडकू नये म्हणून आणलेलं बदामाचं तेल सासूबाईंच्या गुडघ्यांत जिरलं. "तुला विचारलं होतं की गं," म्हणाल्या. विचारलं असणारच. सहा ते सातमध्ये.

संध्याकाळी शिकवताना तोंड मोकळं असतं खरं, पण तिथं वेगळाच ताप. पहिले पंधरा दिवस पोरांची नुसती फुसफुस, वर चक्कर. आणि आया विचारणार, "मॅडम, गॅदरिंगपर्यंत गाणं बसेल ना?" परवा नऊ वर्षांचा एक शिष्य म्हणाला, "ताई, बासरी बिघडली." उजेडात धरून बघितली, तर फुंकेच्या भोकात शेंगदाण्याचं साल. लसणाचा घमघमाट.

"भडंग खाऊन आलास?"

"थोडंच."

सांगलीत राहून भडंग खाऊ नका असं कुठल्या तोंडाने सांगू? आता दारात तांब्या ठेवलाय. आधी चूळ, मग सा.

आज सकाळी पुण्याच्या शिष्येसाठी भैरव रेकॉर्ड करत होते. सातवा प्रयत्न, पहिल्यांदाच जमून आलेला. तेवढ्यात समोर गॅसवर दूध वर यायला लागलं. बासरी काढावी तर आठवा प्रयत्न. डोळे मोठे केले, मान हलवली. नवऱ्याला वाटलं, रंगात आलीय. शेवटी जीव खाऊन तार पंचम लावला, अगदी किंचाळल्यासारखा.

"वाहवा!" म्हणत त्याने तबला ओढला आणि ठेका धरला. दूध ओट्यावरून फरशीवर आलं. "अगं, लक्ष कुठं होतं तुझं?" सासूबाई.

तेही रेकॉर्ड झालं. वैतागून तसंच पाठवून दिलं.

दुपारी शिष्येचा मेसेज आला: 'ताई, शेवटचा तार पंचम किती आर्त! ही जागा मला शिकवाल?'