‘सिगारेट सोडाल तर पंधरा किलोंनी वाढाल’: या फॉरवर्डला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा येऊन पडला. पहिल्या खेपेला त्याला नुसते हात जोडलेले इमोजी होते, आता वर ‘हार्ट स्पेशालिस्टचा सल्ला’ असंही चिकटलंय. कुठले स्पेशालिस्ट, काही पत्ता नाही. मजकूर थोडक्यात असा: सिगारेट सोडली की वर्षभरात पंधरा किलो वजन वाढतं. चयापचय कायमचं मंदावतं. हे वाढलेलं वजन हृदयाला सिगारेटपेक्षा घातक असतं आणि शुगर तर हमखास लागते. म्हणून एकदम सोडू नका, जेवणानंतरच्या दोन चालू ठेवा. सोडायचीच असेल तर त्याच दिवसापासून रात्रीचं जेवण बंद करा आणि सकाळी लिंबू-मध-पाणी घ्या.

मी चौदा वर्षं ओढली, दिवसाला दहा-बारा. २०१९ च्या जानेवारीत सोडली आणि वर्षअखेरीला सहा किलोंनी जड झालो होतो. त्यामुळे वजन वाढतच नाही, असं मी म्हणणार नाही. वाढतं. मेसेज आकड्यांत चुकतो, आणि त्याहून जास्त त्या आकड्यांवरून दिलेल्या सल्ल्यात.

आधी ते पंधरा किलो. २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून मांडलेला हिशेब आला होता. औषधाची मदत न घेता सिगारेट सोडून वर्षभर टिकलेल्यांचं वजन सरासरी ४.७ किलोंनी वाढलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या तीन महिन्यांतच. सरासरीच्या दोन्ही बाजूंना माणसं होती: साधारण सहांतल्या एकाचं वजन चक्क उतरलं, सात-आठांतला एक जण दहा किलोंच्या पुढे गेला. म्हणजे पंधरा किलोवाला कुणाच्या तरी ओळखीत असणारच. पण त्याच्यावरून सगळ्यांना घाबरवायचं, हे काही खरं नाही.

माझ्या बाबतीत ही बातमी काट्याने नाही, शिंप्याने दिली. बटण लागेना म्हणून पँट घेऊन गेलो, तर त्याने ती उलटी करून मागच्या शिवणीत दुमडलेलं कापड दाखवलं. “दाब दीड इंच आहे साहेब. त्याच्यापुढं नवीनच शिवावी लागेल.” मार्चमध्ये एक इंच सोडला. उरलेल्या अर्ध्या इंचाला अजून हात लावावा लागलेला नाही.

आता चयापचय. यात सत्याचा एक कण आहे आणि त्याच्यावरच सगळी भीती उभी आहे. निकोटीन हृदयाचे ठोके वाढवतं, भूक दाबतं आणि शरीराचा बसल्याजागचा खर्च वाढवतं. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी काही धूम्रपान करणाऱ्यांना बंद खोलीत ठेवून त्यांचा ऊर्जेचा खर्च मोजला होता. दिवसाला चोवीस सिगारेटी ओढल्या की तो सुमारे दहा टक्क्यांनी, म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरींनी जास्त भरत होता. दोन पोळ्यांएवढा. सिगारेट सुटली की हा जादा खर्च थांबतो. याला ‘मंदावणं’ म्हणायचं असेल तर म्हणा, पण ‘कायमचं बिघडणं’ कसं म्हणणार? तुम्ही ओढत नसतात तर तुमचं शरीर जसं चाललं असतं, तसं ते आता चालतंय. आधीचा वेग उसना होता.

पण दोन पोळ्यांनी माझे सहा किलो पुरते समजत नाहीत. ते मला कळले टपरीवर. मी सिगारेट सोडली होती, टपरी सोडली नव्हती. अकराला आणि चारला ऑफिसातले तेच चौघे, तोच कटिंग. त्यांच्या बोटांत सिगारेट, माझी बोटं रिकामी. मग समोरच्या बरणीतली खारी यायची. खारी नसेल तर क्रीमरोल, तोही नसेल तर चार ग्लुकोजची बिस्किटं, म्हणजे ऐंशी-शंभर कॅलरी तिथेच. त्यात पंधरा दिवसांत जीभ जागी झालेली. फोडणीचा वास जिन्यातूनच यायला लागला आणि घरी आमटी दुसऱ्यांदा मागून घेऊ लागलो. रात्री टीव्हीसमोर शेव. यातलं काहीही चयापचयाने माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

उपायही तिथेच सापडला. अकराचा चहा जागेवर मागवायला लागलो, चारला टपरीऐवजी गच्चीवर पंधरा मिनिटं फेऱ्या. खिशात भाजलेली बडीशेप आणि दोन लवंगा, डब्यात काकडी-गाजराचे तुकडे. हसू नका, हाताला आणि तोंडाला काम लागतं आणि ते यांनी भागतं. तलप तशीही काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ काढायचा.

चहाचंच निघालंय म्हणून एक गोष्ट सांगतो, ती मला फार उशिरा कळली. तंबाखूच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफीनचा निचरा झपाट्याने करतं. सिगारेट बंद झाली की तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफीन रक्तात जास्त साठतं. छातीत धडधड, चिडचिड, रात्री एकपर्यंत टक्क जाग, आणि जागा माणूस डबे उघडतो. आपण सगळं खापर सिगारेट सुटण्यावर फोडतो. त्या दिवसांत चहा-कॉफी निम्म्यावर आणून बघा.

तिसरा मुद्दा, वजन सिगारेटपेक्षा घातक. हा सगळ्यात धोकादायक, कारण ऐकायला शहाणा वाटतो. नेमका हाच प्रश्न अमेरिकेत दीड लाखाहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवर तपासला गेला आणि २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. सोडल्यावर ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मधुमेहाचा धोका खरोखर काही काळ वाढला. पाच ते सात वर्षांच्या सुमारास तो सर्वांत जास्त होता, मग उतरत गेला. ज्यांचं वजन वाढलं नाही त्यांच्यात तो वाढलाच नाही. पण मृत्यूचं काय? दहा किलोंहून जास्त वाढलेल्यांचाही मृत्यूचा धोका, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होता, आणि हृदयविकाराने मरण्याचा त्याहूनही कमी. मेसेजवाल्याने मधुमेहाचं अर्धं वाक्य उचललं आणि हे अर्धं गाळलं.

शिवाय सिगारेट ओढणारा मधुमेहापासून सुरक्षित असतो, हे कुणी सांगितलं? न ओढणाऱ्यांपेक्षा त्याला टाइप-२ मधुमेह होण्याची शक्यता ३० ते ४० टक्क्यांनी जास्त असते. धूम्रपानाने चरबी पोटाभोवती जमते. हातपाय काडीसारखे आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली, अशी मंडळी टपरीवर नेहमी दिसतात. म्हणून सोडल्यावर काट्यावर रोज चढण्यापेक्षा महिन्यातून एकदा टेप घ्या. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही कंबरेची मर्यादा धरतात. आधीच मधुमेह असेल तर सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, औषधाचा डोस बदलावा लागू शकतो.

‘जेवणानंतरच्या दोन ठेवा’. दिवसाला एक सिगारेट म्हणजे वीस सिगारेटींच्या विसाव्या हिश्शाचा धोका, असं गणित हृदयाच्या बाबतीत चालत नाही. एका सिगारेटीतही हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा भरतो, असं २०१८ मध्ये दिसून आलंय. आणि दोनवर थांबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मीच तीनदा थांबलो होतो. (सिगारेटऐवजी तंबाखूची पुडी धरणारे तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यावर वेगळं काय बोलायचं, तोंडाच्या कॅन्सरचे वॉर्ड बोलतात.)

एक गंमत. सिगारेट आणि सडपातळपणा यांची सांगड डॉक्टरांनी नाही, जाहिरातवाल्यांनी घातली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘लकी स्ट्राइक’ने बायकांना उद्देशून सांगितलं, गोड खाण्याऐवजी लकी घ्या. मिठाईवाले खवळले होते म्हणतात. शंभर वर्षांनी तोच माल आपल्या ग्रुपवर फुकट फिरतोय.

राहिला रात्रीचं जेवण बंद करण्याचा सल्ला. पहिल्या महिन्यात हे करूच नका. पोटातली भूक आणि सिगारेटची तलप यांत त्या दिवसांत फरकच कळत नाही. उपाशी माणूस रात्री दहाला ‘एकच’ म्हणून खाली उतरतो, मीही उतरलोय. वेळेवर साधं जेवा, पानात उसळ-कोशिंबीर जास्त वाढून घ्या, जेवणानंतरची ती जागा शतपावलीने भरा. सिगारेट सुटली की काहींना बद्धकोष्ठ होतं, पाणी आणि ताक वाढवा. मध ही साखरच, तिने वजन उतरत नाही. किलो-दोन किलो वाढले तर वाढू द्या, ते पुढच्या वर्षी बघता येतात. माझे सहातले तीन गेले, तीन आहेत.

निकोटीनच्या च्युइंगमचं मेसेजमध्ये नावही नाही, खरं तर वजनाची धास्ती असणाऱ्याला ते उपयोगी आहे. गम चालू असेपर्यंत वाढ लांबते, तोवर सवय सुटायला सवड मिळते. मात्र ते साध्या गमसारखं चघळायचं नाही. जीभ चुणचुणेपर्यंत हळूहळू चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की पुन्हा, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

एवढं सगळं ग्रुपवर लिहिल्यावर मेसेज पाठवणाऱ्या काकांनी खाजगीत विचारलं, यासाठी फुकट कुठे बोलता येतं का. येतं, १८००-११-२३५६, सरकारी क्विटलाइन. काकांना म्हटलं, नंबर लिहून घेऊ नका, तुमच्या खिशातल्या पाकिटावर छापलेलाच आहे.