साखरझोप मोडायची कशी?

झोपमोडीला पहाटेचे साडेचार ते साडेसहा ही वेळ उत्तम. रात्री बाराला कुणाला गदागदा हलवून श्रम वाया घालवू नका. तेव्हा माणूस ढाराढूर असतो आणि आपल्याला मोडायची आहे ती साखरझोप. झोपेची एक फेरी साधारण 90 मिनिटांची. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त, पहाटेकडे रेम झोपेचा, म्हणजे डोळे भराभर फिरतात त्या स्वप्नांच्या झोपेचा, वाटा वाढत जातो. म्हणजे आठातले दोन तास कापले की झोप जाते पाव, पण रेम जाते त्याहून बरीच जास्त. इतका किफायतशीर सौदा आमच्या नाशकात पंचवटीच्या मार्केट यार्डातही होत नाही.

रेम ओळखायची खूण? मिटल्या पापणीखाली बुबुळाचा फुगवटा इकडून तिकडे पळत असेल, तर मुहूर्त लागला. ही पळापळ 1953 साली शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगापुढे मांडली. ॲसेरिन्स्कीने तर स्वतःच्या लहान मुलाला तारा चिकटवून झोपवलं होतं. मुलाला निदान झोपू तरी दिलं. आपण क्लासला पाठवतो.

आत तेव्हा सावळागोंधळ असतो. मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात. भावनांचं खातं जोरात आणि ‘हे काय चाललंय?’ असं विचारणारा कपाळामागचा भाग सुस्त. म्हणूनच रामकुंडात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दहावीचा गणिताचा पेपर सोडवताना काही वावगं वाटत नाही. ठोके आणि श्वास वर-खाली होतात, पण हातापायांना मेंदूच्या देठातूनच कुलूप. डोळे आणि श्वासपटल तेवढे मोकळे. नाहीतर स्वप्नात द्वारका चौक ओलांडणाऱ्याने शेजारच्याला लाथाच घातल्या असत्या. कधी जाग आधी येते आणि कुलूप मागून उघडतं. हात हलेना, छातीवर कुणीतरी बसलेलं. घरात कुणाला असं झालं तर भूतच म्हणा. खरं कारण सांगितलं की धाक जातो.

या वेळी थंडी-उकाड्याचा बंदोबस्तही शरीराने जवळपास सोडलेला असतो, कुडकुडणंसुद्धा बंद. डिसेंबरात गोधडी ओढायची ती तेव्हाच. सिडकोतल्या आमच्या घरी वडिलांनी हे तंत्र कुठल्याही विद्यापीठाच्या मदतीशिवाय बसवलं होतं: पायाकडचं टोक, एक हिसका, मग पंखा दोनवर.

पूर्वतयारीही हवी. नाशिकला वाइनची राजधानी म्हणतात, तेव्हा निजण्याआधी दोन ग्लास घ्याच. दारू पूर्वरात्रीची रेम दाबते. उरलेली आपण गजराने संपवू.

एक अडचण आहे. बुडालेली रेम शरीर विसरत नाही, पुढे संधी मिळाली की जास्तीची वसूल करतं. ही वसुली बहुधा रविवारी निघते. म्हणून रविवारी सहालाच सगळ्यांना मिसळीला बाहेर काढा. उशीर झाला तर टेबल मिळत नाही, हे कारण नाशकात कुणी तपासत नाही. गंगापूर रोडला लागेस्तोवर पोरगं मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेलं असेल. आरशातून पापण्या बघा. हलत असतील तर हॉर्न द्या.