साल दाबा, ते बटन आहे

अण्णांचा जन्म जून १९५१चा. एवढी एक गोष्ट एका बँकेच्या ॲपला सांगायला परवा अण्णांना पाऊण तास लागला, आणि तरीही ॲपला ती कळली नाही.

केवायसी अपडेट करायचं होतं. 'जन्मतारीख'वर बोट ठेवलं की कॅलेंडर उघडतं, त्यात नोव्हेंबर २०२५. बाजूला एक बाण. एका टिचकीला एक महिना मागे. अण्णा बसले मागे जात. मी स्वयंपाकघरात होते, मला वाटलं व्हॉट्सॲप वाचतायत. नंतर हिशेब केला: जून १९५१पर्यंत जायला ८९३ टिचक्या. ते १९८८ला पोचले आणि स्क्रीनवर आलं, 'तुमचे सेशन संपले आहे'. कारण कॅलेंडरात टिचक्या मारणं म्हणजे सर्व्हरच्या लेखी माणूस नुसता बसून आहे. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा नोव्हेंबर २०२५. असं तीनदा.

कॅलेंडरच्या वर जे '२०२५' लिहिलेलं असतं ना, त्यावर बोट ठेवलं की सालांची यादी उघडते. दोन टिचक्यांत काम. हे मला माहीत आहे कारण बारा वर्षं मी ॲपचे स्क्रीन डिझाइन करूनच पोट भरते. पण ते साल बटनासारखं दिसतच नाही. चौकट नाही, बाण नाही, मथळ्यासारखं वर बसलंय. मथळा कोण दाबून बघतं?

फोन माझ्यापुढे धरत अण्णा म्हणाले, "आता नाही जमत हे मला." ते वाक्य मला फार लागलं.

हा माणूस सदतीस वर्षं छापखान्यात होता. आधी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे; उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायची. डीटीपी आल्यावर प्रूफं वाचायला बसले. आजही पेपर वाचताना हातात पेन असतं. अशा माणसाला 'जमत नाही'? आणि आपण सगळे मुलं-मुली काय करतो, तर "द्या इकडे, मी करते" म्हणून फोन ओढून घेतो. त्यात मीही आले.

म्हणून त्या दिवशी फोन घेतला नाही. शेजारी बसले आणि गप्प बघत राहिले. (गप्प बसणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.)

पहिल्याच पानावर अण्णांनी फोन नाकाजवळ नेला आणि विचारलं, "हा मजकूर छापलाय की पुसलाय?" पांढऱ्यावर फिकट राखाडी. स्क्रीनशॉट काढून मी तो रंग तपासला: #९९९९९९. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, भरतो २.८५ ला १. वेबच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, म्हणजे डब्ल्यूसीएजीनुसार, साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतो. राखाडीच हवा असेल तर #७६७६७६ घ्या, तो बसतो. फरक इतकाच, पण तो केला की मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "जरा जड दिसतंय." मला हे वाक्य पाठ आहे, कारण एके काळी मीच ते म्हणायचे.

मग मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली. झाली मोठी. 'पुढे'चं बटन मात्र स्क्रीनच्या खाली गेलं, आणि ते पान वर सरकतच नव्हतं. भाषा मराठी केली तर रफार वरून छाटलेले आणि उकार खालून. इंग्रजीच्या मापानं ओळीची उंची ठरवली की देवनागरीचं असंच होतं: इंग्रजीला डोक्यावर आणि पायाखाली इतकी जागा लागतच नाही. अण्णा त्या स्क्रीनकडे कपाटातला जुना शर्ट उंदरानं कुरतडलेला बघावा तसे बघत होते. खाली भेटीची वेळ ठरवायचं बटन होतं. त्यावर लिहिलं होतं, 'पुस्तक करा'. बुक अपॉइंटमेंटचं मराठी!

हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं नाही. मागे आमच्या ऑफिसात एका दृष्टिहीन टेस्टरला एका दिवसासाठी बोलावलं होतं. फोनचा स्क्रीन पूर्ण काळा, टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, इतक्या वेगात बोलतेय की आम्हाला एक शब्द कळेना. त्याने वेग कमी केला तेव्हा आम्ही आमचंच ॲप पहिल्यांदा ऐकलं: "अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन." म्हणजे नाव न दिलेली बटनं. त्यातलं एक पैसे भरायचं होतं. कुठलं ते त्याने आम्हालाच ओळखायला सांगितलं. दुरुस्तीला लागला अर्धा तास, प्रत्येक बटनाला एक ओळ. ॲप तोवर दोन वर्षं बाजारात होतं.

'सुरक्षेसाठी करावं लागतं' हे ॲपवाल्यांचं उत्तर अर्धं खरं आहे. ओटीपी थोडाच वेळ चालणार, सेशन संपणार, मान्य. पण संपायच्या आधी 'अजून वेळ हवा का?' विचारायला कुठली सुरक्षा आडवी येते? भरलेला फॉर्म जपून ठेवायला?

प्रज्ञा प्रसून यांची केस बघा. ॲसिड हल्ल्यानंतर त्यांना पापण्या मिटता येत नाहीत, आणि केवायसीत समोरचा माणूस जिवंत आहे हे पटायला डोळे मिचकवून दाखवायला सांगितलं होतं. त्यांची आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिका एकत्र ऐकून सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठानं ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सोबत २० निर्देश. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा तर २०१६चा आहे आणि डब्ल्यूसीएजीची पहिली आवृत्ती १९९९ची. म्हणजे माहिती नव्हती असं कुणी म्हणू नये.

"ज्येष्ठ लोक आमचं ॲप वापरतच नाहीत, डेटा बघा" हेही मी ऐकलंय. अण्णांचे ते तीन प्रयत्न त्या डेटात कुठे असतील सांगू? 'ड्रॉप-ऑफ' म्हणजे अर्ध्यात सोडून गेलेल्यांच्या रकान्यात. तिथे वय दिसत नाही, नाकाजवळ नेलेला फोनही दिसत नाही.

रात्री जेवताना अण्णांनी विचारलं, "तुमच्याकडे प्रूफ कोण वाचतं?"

म्हटलं, "टेस्टिंग असतं ना."

"ते कोण करतं?"

"आमच्यातलीच मुलं. ऑफिसातली."

"म्हणजे ज्यानं खिळे जुळवले त्यानंच प्रूफ वाचायचं," असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. झोपायच्या आधी माझंच एक जुनं काम उघडलं. राखाडी तोच, #९९९९९९.

काल शेवटी शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी चांगली होती. म्हणाली, "काका, कशाला आलात एवढ्या लांब, ॲपवर दोन मिनिटांत होतं." मग तिने एक कागदी फॉर्म पुढे सरकवला. जन्मतारखेसाठी आठ चौकोन. अण्णांनी खिशातलं पेन काढलं. मी मुद्दाम घड्याळाकडे बघत होते.

सहा सेकंद.