‘द सेव्हन्थ क्रॉस’: १९४२ छापलं म्हणून पहिली आवृत्ती होत नाही

जर्मन लेखिका आना झेगर्स यांच्या ‘द सेव्हन्थ क्रॉस’ या कादंबरीच्या जुन्या प्रतींबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: शीर्षकपानावर बॉस्टन, प्रकाशक लिटल ब्राउन आणि १९४२ असेल तर ती पहिली आवृत्ती. मागच्या पुठ्ठ्यावर दाबलेला ठिपका नसेल तर ती बुक क्लबची नव्हे. युद्धात कागदाची टंचाई होती, म्हणून प्रती मोजक्या. मेक्सिकोची जर्मन प्रत म्हणजे नंतरचं पुनर्मुद्रण. आणि सही असेल तर डोळे झाकून घ्या. यातलं एकही विधान तपासणीत टिकत नाही.

‘१९४२ आहे म्हणजे पहिली.’ इंग्रजी अनुवाद सप्टेंबर १९४२ मध्ये निघाला आणि सभासदांना दरमहा निवडलेलं पुस्तक पाठवणाऱ्या बुक ऑफ द मंथ क्लबने तो ऑक्टोबरसाठी निवडला. सभासदांना गेलेल्या प्रतींवरही प्रकाशक तोच आणि सालही तेच. त्यामुळे शीर्षकपान बाजूला ठेवा आणि त्याच्या पाठीमागचं हक्कांचं पान बघा. १९४० च्या सुमारापासून लिटल ब्राउन तिथे पहिली आवृत्ती किंवा पहिलं मुद्रण असल्याचं छापू लागलं होतं. ती ओळ नसेल किंवा पुनर्मुद्रणाची नोंद असेल तर विषय संपला. ओळ असली तरी अर्धंच काम झालं, कारण क्लबच्या प्रतींत अशा ओळी तशाच राहून गेल्याची उदाहरणं अनेक पुस्तकांत सापडतात.

मग वेष्टन. दुकानी प्रतीच्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर डॉलरमधली किंमत असते, क्लबच्या प्रतीवर नसते. तो कोपरा कापलेला असेल तर विक्रेता हमखास सांगतो, ‘भेट देताना किंमत कापली असणार.’ असेलही. पण पुरावा गेला तो गेलाच, आणि त्या प्रतीला पूर्ण भाव देण्याचं कारण उरत नाही.

किंमत शाबूत असली तरी वेष्टन त्याच प्रतीचं आहे का, हे बघायलाच हवं. क्लबच्या पुस्तकावर दुकानी वेष्टन चढवणं दोन मिनिटांचं काम आहे. वेष्टनाचा तुकडा कुठे उडाला असेल तर त्याच जागी खालच्या कापडावर ऊन आणि धुळीचा डाग उमटायला हवा. वेष्टन कण्यावर फाटकं आणि खालचं कापड मात्र एकसारखं ताजं, अशी जोडी दिसली तर समजून जा. नक्कल छापलेलं वेष्टन ओळखायला अतिनील दिवा पुरतो. त्या काळच्या कागदात चमक आणणारी रसायनं नव्हती. कागद निळसर पांढरा उजळला तर तो बराच नंतरचा.

‘ठिपका नाही म्हणजे क्लबची नाही.’ हा नियम नंतरच्या दशकांतल्या पुस्तकांवरून आला आहे. १९४२ च्या क्लब-प्रतीवर ठिपका असेलच असं नाही. सापडला तर उपयोगी, न सापडल्याने काहीच सिद्ध होत नाही.

‘युद्धकाळ, म्हणून दुर्मिळ.’ उलट आहे. क्लबमुळे ही कादंबरी अमेरिकेत लाखोंनी खपली. प्रकाशकांच्या कागदावरचा सरकारी कोटा १९४३ मध्ये आला, म्हणजे पुस्तक निघाल्यानंतर. पातळ कागद आणि युद्धकालीन निर्बंधांची सूचना असलेली प्रत उशिराची समजा. वेष्टनावर याच कादंबरीवरच्या स्पेन्सर ट्रेसीच्या चित्रपटाचा उल्लेख असेल तर १९४४ च्या आधीची नाहीच.

‘मेक्सिकोची प्रत दुय्यम.’ सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कादंबरी जर्मनमध्ये, फ्रान्समधल्या निर्वासनात लिहिली गेली. १९३९ मध्ये मॉस्कोच्या ‘इंटरनॅशनाले लिटेराटुर’ या नियतकालिकात काही प्रकरणं आली, पण हिटलर-स्टालिन करारानंतर छापणं थांबलं. त्या अंकांना पहिली आवृत्ती म्हणता येत नाही. जर्मनमध्ये पूर्ण पुस्तक प्रथम काढलं ते मेक्सिको सिटीतल्या निर्वासितांच्या ‘एल लिब्रो लिब्रे’ या प्रकाशन संस्थेने. ही संस्था १९४२ मध्ये सुरू झाली. तिचा कारभार पाहणारा वाल्टर यांका स्वतः छपाईचे खिळे जुळवणारा कारागीर होता. छापखान्यातल्या स्थानिक कामगारांना मात्र जर्मन येत नव्हतं, त्यामुळे मुद्रणदोष दिसले म्हणून प्रत बनावट ठरवू नका. प्रती मोजक्या निघाल्या आणि वाचक जगभर विखुरलेले. टंचाई आहे ती इथे. १९४६ ची बर्लिनच्या आउफबाऊ प्रकाशनाची प्रत विकताना ‘पहिली जर्मन आवृत्ती’ लिहिलेलं दिसलं तर ‘जर्मनीत छापलेली’ एवढाच त्याचा अर्थ घ्या.

तेव्हा बॉस्टनची प्रत म्हणजे कोणत्याही भाषेतलं पहिलं पुस्तक, मेक्सिकोची म्हणजे मूळ भाषेतलं पहिलं. संग्राहकाला काय हवं ते त्याने ठरवावं, पण विक्रेत्याने दोन्हींची सरमिसळ करू नये.

‘सही असेल तर घ्या.’ झेगर्स जून १९४१ मध्ये न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटापर्यंत पोचल्या, पण त्यांना अमेरिकेत प्रवेश मिळाला नाही आणि त्या मेक्सिकोला गेल्या. १९४७ मध्ये युरोपला परतेपर्यंत मुक्काम तिथेच. बॉस्टनच्या प्रतीवर त्यांच्या सहीखाली ‘न्यूयॉर्क, ऑक्टोबर १९४२’ असं लिहिलेलं असेल तर सहीचे जादा पैसे देऊ नका.